काळी, कवडी आणि उघड्या मानेची

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात, परसात कोंबड्या पाळणाऱ्या बाईपाशी त्यांचा विषय काढून पाहा. ती एकेकीची ओळखच करून देऊ लागते. काळी भांडखोर, दुसरीला दाण्याला शिवू देत नाही. कवडी स्वभावानं गरीब, पण अंडं कुठं घालील याचा नेम नाही. परवा शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीत घालून आली. उघड्या मानेची धीट, थेट चुलीपर्यंत येते आणि परातीतला भाकरीचा तुकडा पळवते. तांबडी खुडूक बसली की उठायचं नाव घेत नाही, पण एकही पिल्लू घारीला देत नाही. म्हणून जत्रेला कितीही पाहुणे आले तरी तिच्यावर सुरी फिरवायची नाही, असं घरात ठरलेलं असतं.

गेल्या शंभर वर्षांत नॉर्वे, जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान इथल्या संशोधकांनी कोंबड्यांच्या स्वभावाविषयी आणि बोलण्याविषयी जे शोधून काढलं, त्यातलं बरंचसं या बाईच्या बोलण्यात आधीपासून असतं. कोंबडी म्हणजे बिनडोक, उगाच कलकलाट करणारा पक्षी, ही समजूत मला मुळातच अन्यायाची वाटते. कोंबड्यांपाशी कधी दोन घटका बसले नाहीत अशा लोकांनी ती रूढ केली आहे.

पशुपालनात धाराशिवचं नाव निघतं ते उस्मानाबादी शेळीमुळे. त्या काळ्या, काटक शेळीचं कौतुक देशभर झालं आणि ते रास्तच आहे. गावरान कोंबडीच्या वाट्याला असा मान आला नाही. इथली शेती बहुतेक कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. अशा ठिकाणी दहा-पंधरा कोंबड्या हा घरातल्या बाईच्या हातचा पैसा असतो. मुलीची वही, दवाखान्याची फेरी, बाजारातलं मीठ-मिरची, एवढं तरी अंडी आणि एखादी तलंग विकून भागतं, त्यासाठी कुणापुढं हात पसरावा लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपानं उमरगा-लोहारा भागातली गावं जमीनदोस्त झाली. त्यानंतर ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं इथल्या बायांचे गट बांधले. पुढं याच बायांनी दुष्काळातही घर तगवणारी एक एकराची शेती उभी केली, तेव्हा तिच्या जोडीला शेळ्या-कोंबड्या होत्याच. देशाचा विचार केला तर 2019 च्या पशुगणनेत परसातल्या कोंबड्यांची संख्या 31 कोटी 70 लाखांच्या आसपास भरली. 2012 च्या गणनेपेक्षा ती सुमारे 46 टक्क्यांनी जास्त होती. शेडमधल्या ब्रॉयलरच्या जमान्यातही परस ओस पडलेलं नाही.

या परसातला कारभार समजून घ्यायचा तर सकाळी डालगं उचलण्याच्या वेळी तिथं असावं. डालगं उचललं की कोंबड्या पंख झाडत बाहेर येतात आणि कण्या टाकल्या की तुटून पडतात. पहिल्यांदा ही नुसती झुंबड वाटते. जरा उकिडवं बसून एकाच कोंबडीवर नजर ठेवली की चित्र स्वच्छ होतं. काळी मधोमध उभी आहे. कवडी तिच्या डाव्या अंगानं सरकते, काळी नुसती मान वर करते, कवडी मागे होते. चोच मारावीच लागली नाही. तीच कवडी मागे होता होता एका तलंगेच्या डोक्यावर टोचा देते, आणि तलंग मुकाट्यानं बाजूला होऊन कडेचे दाणे टिपू लागते.

नॉर्वेतल्या थोरलिफ श्येल्डेरुप-एब्बे या माणसानं लहान वयातच हे पाहिलं होतं. कोण कुणाला टोचतं याच्या नोंदी तो वहीत ठेवत असे. मोठेपणी त्यानं त्यावर प्रबंध लिहिला आणि 1922 मध्ये आपले निष्कर्ष छापले. प्रत्येक कळपात चोचीची एक उतरंड असते. सगळ्यात वरची सगळ्यांना टोचते, तिला कुणी टोचत नाही. सगळ्यात खालची सगळ्यांचे टोचे खाते. मधल्या प्रत्येकीला आपली जागा पक्की ठाऊक असते. कधी कधी तिघींचा तिढाही पडतो. पहिली दुसरीला भारी, दुसरी तिसरीला, आणि तिसरी पुन्हा पहिलीला. प्राण्यांमधल्या, पुढं माणसांमधल्याही, दर्जाविषयी जो एवढा मोठा अभ्यास झाला त्याची सुरुवात कोंबड्यांच्या खुराड्यात झाली हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

उतरंड टिकते ती ओळखीमुळे. कोंबडी दुसरीला मुख्यतः डोकं, तुरा आणि मान यांवरून ओळखते, आणि आपलं तिच्याशी काय झालं होतं हे विसरत नाही. रोज नव्यानं भांडावं लागलं तर अंगातली ताकद त्यातच जायची. एकदा भांडून निकाल लागला की मानेच्या एका हिसक्यावर काम भागतं. 1996 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी आणखी एक बारकावा दाखवला. आपल्याला भारी असलेल्या कोंबडीला एका परक्या कोंबडीनं हरवताना ज्यांनी पाहिलं, त्या कोंबड्या नंतर त्या परकीशी भांडायलाच गेल्या नाहीत. जिनं मला हरवलं तिला ही हरवते, मग माझा काय पाड, एवढा हिशेब त्या करतात. बाजारातून नवी कोंबडी आणली की आपल्याकडच्या बाया तिला दिवसाउजेडी सोडत नाहीत. रात्री अंधारात डालग्यात इतरांच्या शेजारी ठेवून देतात. भांडणं त्यानं टळत नाहीत, पण पहिला कडाका कमी होतो. उतरंडीत जागा मिळवायची ती तिची तिलाच मिळवावी लागते.

आता बोलण्याकडं वळू. एरिच बॉयमर हा व्यवसायानं डॉक्टर असलेला जर्मन गृहस्थ आयुष्यभर कोंबड्यांच्या नादी लागलेला होता. त्यानं त्यांच्या सुमारे तीस वेगवेगळ्या आवाजांची नोंद केली. अमेरिकेतले निकोलस कोलियस यांनी लाल रानकोंबड्याचे चोवीस आवाज वेगळे काढले. हा लाल रानकोंबडा आपल्या पाळीव कोंबडीचा मूळपुरुष, आग्नेय आशियातल्या बांबूच्या रानांतला. गावरान कोंबडीच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग मात्र दुसऱ्या पूर्वजाकडून आला, हे 2008 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून कळलं. तो पूर्वज म्हणजे आपल्या सह्याद्रीत आढळणारा राखी रानकोंबडा. दाट झाडोऱ्यात राहणाऱ्या पक्ष्यांना एकमेकांचं दर्शन दुर्मीळ. त्यांचं सगळं आवाजावर चालतं. परसात येऊन हजारो वर्षं झाली तरी तो झाडोरा कोंबडीच्या गळ्यातून गेलेला नाही.

तिच्या बोलण्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे धोक्याची सूचना. ओसरीवर निवडत बसलेली सासू मान वर न करताच सुनेला म्हणते, “आगं, कोंबडं कशाला वरडायलंय बघ की जरा, मुंगूस आलं काय.” धोका जमिनीवरून येतोय, आभाळातून नाही, हे तिला आवाजावरून कळतं. जमिनीवरून मुंगूस, बोका किंवा परकं कुत्रं येताना दिसलं की कोंबडा ‘कॉक् कॉक् कॉक् कॉऽक’ असा तुटक, मोठा, थांबता न थांबणारा गलका करतो. आभाळात घार किंवा शिक्रा दिसला की एकच चिरका स्वर लांबवतो आणि गप्प होतो. पहिला आवाज ऐकला की कोंबड्या माना उंचावून उभ्या राहतात, चहूकडं बघतात. दुसरा ऐकला की बाभळीखाली, गाडीखाली, मिळेल त्या आडोशाला पळतात, अंग चोरून बसतात आणि एक डोळा आभाळाकडं लावतात.

हा नुसता घाबरटपणा नाही हे कसं ठरवायचं? पीटर मार्लर, ख्रिस्तोफर एव्हान्स आणि लिंडा एव्हान्स यांनी 1993 मध्ये त्याचं उत्तर दिलं. त्यांनी दोन्ही आवाज ध्वनिमुद्रित केले आणि पिंजऱ्यातल्या कोंबड्यांना ऐकवले. आसपास ना घार होती, ना मुंगूस, ना ओरडणारा कोंबडा. तरीही पहिल्या आवाजाला कोंबड्या ताठ उभ्या राहिल्या आणि दुसऱ्याला दडल्या, वर पाहू लागल्या. नुसत्या आवाजात ‘वर बघ’ किंवा ‘खाली बघ’ ही माहिती होती. बाहेरच्या जगातल्या विशिष्ट गोष्टीकडं बोट दाखवणारे आवाज तोवर मुख्यतः आफ्रिकेतल्या माकडांविषयी ठाऊक होते. उकिरडा उकरणाऱ्या पक्ष्यानं त्या पंगतीत जागा मिळवली.

त्याआधी 1988 मध्ये मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून मजेची गोष्ट पाहिली होती. घारीची आकृती डोक्यावरून नेली आणि कोंबडा एकटा असला तर तो बहुधा गप्प दडून राहायचा. शेजारी कोंबडी असली की ओरडायचा. ओरडणं म्हणजे आपली जागा घारीला सांगणं. हा धोका तो कुणासाठी पत्करतोय त्यावर ओरडायचं की नाही हे ठरतं. ‘कोंबडा नुसता ओरडायला पुढं’ अशी तक्रार करणाऱ्या बाईला हे आवर्जून सांगावंसं वाटतं. तो तिच्या काळीसाठी आणि कवडीसाठी ओरडत असतो.

अर्थात कोंबडा साधुसंत नव्हे. उकिरड्यावर त्याचं वागणं जवळून पाहण्याजोगं असतं. पायानं दोनदा उकरतो, मागं सरतो, खाली बघतो. किडा सापडला की चोचीत धरतो, सोडतो, पुन्हा उचलतो, मान खालीवर करत ‘टुक टुक टुक टुक’ असा भरभर, दबका आवाज काढतो. गळ्याखालचे लाल लोळे हलत राहतात. कोंबडी धावत येते आणि त्याच्या चोचीपुढचा किडा उचलते. तो स्वतः खात नाही. या आवाजाला कोंबड्या मान खाली घालून जमिनीवर शोधू लागतात. पोट नुकतंच भरलेलं असलं तर तेवढ्या उत्साहानं प्रतिसाद देत नाहीत. म्हणजे हाक ‘माझ्याकडं ये’ एवढीच नाही, ‘इथं खायला आहे’ अशी आहे, आणि ऐकणारी आपल्या गरजेप्रमाणं ती घेते.

पण कोंबडी लांब असली की काही कोंबडे चोचीपुढं खाण्यासारखं काही नसतानाही हाच आवाज काढतात. कोंबडी फसते, येते, काही नसतं. असं वारंवार करणाऱ्या कोंबड्याच्या हाकेला कोंबड्या पुढं दाद देत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वायरी विद्यापीठात कॅरोलिन स्मिथ यांनी परसासारख्या मोकळ्या जागेत कॅमेरे लावून आणखी एक डाव टिपला. उतरंडीत खाली असलेला कोंबडा मोठ्यानं हाक मारू शकत नाही. मुख्य कोंबडा धावून येऊन त्याला बडवतो. मग तो आवाज बंद ठेवून नुसतीच मान खालीवर करतो, किडा उचलतो-टाकतो. जवळच्या कोंबडीला दिसतं, लांबच्या मुख्य कोंबड्याला ऐकू जात नाही. कोण ऐकतंय ते पाहून बोलायचं आणि कोण ऐकतंय ते पाहून गप्प बसायचं, हे ज्याला जमतं त्याला बिनडोक कसं म्हणायचं?

आरवण्याविषयी थोडक्यात. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपल्या तोंडी आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठात त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी कोंबडे खरोखरच झाकून पाहिले. सतत मंद उजेडात, बाहेरच्या पहाटेचा पत्ता लागू न देता ठेवलेले कोंबडे साधारण 24 तासांच्या अंतरानं आरवतच राहिले. त्यांचं घड्याळ शरीराच्या आत होतं. हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी त्यांनी दाखवलं की एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत पहाटे पहिल्यांदा आरवण्याचा मान उतरंडीतल्या पहिल्याचा. बाकीचे दर्जानुसार त्याच्या मागून आरवतात. पहिल्याला दूर केलं की दुसरा त्याची वेळ घेतो. गल्लीत पहाटे कोण आधी आरवलं हे ऐकलं तर कुणाची सत्ता आहे ते अंथरुणातूनच कळतं. हा आवाज त्याच्या स्वतःच्या कानापाशी 140 डेसिबलच्या घरात जातो, असं बेल्जियममधल्या मोजणीत दिसलं. चोच पूर्ण उघडली की त्याचा कानाचा मार्ग आपोआप मिटतो, म्हणून तो बहिरा होत नाही.

कोंबडीच्या रोजच्या बोलण्यातलं अंड्यानंतरचं ओरडणं सगळ्यांच्या ओळखीचं. अंडं घालून उठली की ती गाव गोळा करते. रानातल्या कोंबडीला कळपापासून लांब अंडं घालून परतायचं असतं, तेव्हा कोंबड्यानं येऊन तिला सोबत करावी यासाठी हे ओरडणं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. परसात त्याचा उपयोग वेगळाच. कवडीसारखी जागा बदलणारी कोंबडी कुठल्या बाजूनं ओरडत आली ते पाहायचं आणि त्या बाजूची गंजी, गव्हाण, तुराट्यांचा ढीग चाचपायचा. अंडं घालायच्या आधीचा आवाज मात्र फारसा कुणी लक्ष देऊन ऐकत नाही. तो लांब, कण्हल्यासारखा, चढत जाणारा असतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी कोंबड्यांना दाणा, पाणी किंवा धुळीत लोळायची जागा दिसेल पण मिळणार नाही अशी व्यवस्था केली, तेव्हा हाच कण्हता आवाज वाढला. परसात एखादी कोंबडी असं कण्हत येरझारा घालत असेल तर तिला निवांत, अंधारी जागा मिळत नाही असं समजावं. कोपऱ्यात भुसकट घातलेली एक पाटी ठेवली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

खुडूक बसलेल्या कोंबडीपाशी या बोलण्याचा सगळ्यात नाजूक भाग सुरू होतो. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात, पण बोलणं त्याआधीच सुरू झालेलं असतं. शेवटच्या एक-दोन दिवसांत अंड्याच्या आतून पिल्लाची चिवचिव येते, कोंबडी हलक्या आवाजात उत्तर देते. अंडं कानाशी धरलं तर ती चिवचिव आपल्यालाही ऐकू येते. आईचा आवाज पिल्लू कवचात असतानाच ओळखू लागतं. बाहेर आल्यावर पिल्लाचे दोन मुख्य सूर असतात. 1953 मध्ये कोलियस आणि मार्टिन जूस यांनी ध्वनीचे आलेख काढून ते दाखवले. थंडी वाजली, चुकामूक झाली, भूक लागली की सूर वरून खाली उतरतो आणि मोठा असतो. ऊब मिळाली, आई दिसली की बारीक सूर खालून वर चढतो. रात्री पिल्लांची पाटी चढत्या सुरात किलबिलत असेल तर बिनघोर झोपावं. उतरत्या सुरात रडत असेल तर उठून पाहावं.

1933 मध्ये ब्रुकनर या जर्मन संशोधकानं एक साधा प्रयोग केला. पिल्लू पायाला दोरी बांधून फळीआड ठेवलं, तेव्हा ते दिसत नसतानाही त्याचं ओरडणं ऐकून कोंबडी धावली. तेच पिल्लू काचेच्या हंडीखाली ठेवलं, तर डोळ्यांदेखत ते तडफडत असूनही आवाज येत नाही म्हणून कोंबडीनं लक्ष दिलं नाही. तिच्यासाठी लेकरू म्हणजे त्याचा आवाज. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात पिल्लांच्या अंगावर हवेचा हलका झोत सोडला आणि आईला ते पाहू दिलं. आईच्या हृदयाचे ठोके वाढले, ती सावध झाली, पिल्लांना बोलावू लागली. झोत तिच्या अंगावर आलेलाच नव्हता. शास्त्रज्ञ या भावनेला नाव देताना फार जपून शब्द वापरतात. मला तेवढी सावधगिरी बाळगावीशी वाटत नाही. ही माया आहे.

या ऐकण्याचा परसात सगळ्यात मोठा उपयोग आजारपणात होतो. आपल्याकडं जिला मानमोडी म्हणतात ती राणीखेत साथ आली की परसंच्या परसं रिकामी होतात. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते, पण बऱ्याचदा त्याआधी आवाज बदलतो. कोंबडी शिंकते, श्वास घेताना घरघरते, तोंड उघडून धापा टाकते. दिवसाच्या गलक्यात हे कळत नाही. रात्री सगळ्या डालल्यावर, दिवा मालवून दोन मिनिटं डालग्यापाशी उभं राहिलं तर एकीची घरघरही वेगळी ऐकू येते. तिला लगेच बाजूला काढावं आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. एकाएकी बऱ्याच कोंबड्या किंवा कावळे मेलेले दिसले तर हात न लावता कळवावं. 2025 च्या फेब्रुवारीत याच जिल्ह्यात, ढोकीत, कावळे मरून पडले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता.

मानमोडीवर औषध नाही, लस आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालायचा, आणि दोन महिन्यांच्या पुढं दुसरी लस टोचून घ्यायची. अडचण एवढीच की लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांचं औषध असतं, ते बर्फात आणावं लागतं आणि बाटली फोडली की दोन-तीन तासांत संपवावं लागतं. दहा कोंबड्यांच्या घराला ते एकट्यानं परवडत नाही. तेव्हा गल्लीतल्या बायांनी एक दिवस ठरवावा, बाटलीचे पैसे वाटून घ्यावेत आणि सगळ्यांच्या कोंबड्या एकाच सकाळी, डालगं उचलायच्या आधी टोचून घ्याव्यात.